महाविद्यालयीन विद्यार्थी आणि चिकित्सक विचार

राज्यघटनेच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने १९७६ साली नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा कलम ५१ क मध्ये समावेश करण्यात आला. विज्ञाननिष्ठ दृष्टी आणि शोधक बुद्धी यांची वाढ करणे हे त्यांपैकी एक कर्तव्य होय. राष्ट्रध्वजाचा मान कसा राखावा, सार्वजनिक मालमत्ता कशी जपावी, हे नागरिकाला शाळेपासून सांगितले जाते. शोधक बुद्धी कशी वाढवावी हे मात्र त्याला सहसा कोणी पद्धतशीरपणे शिकवीत नाही. ती उपजतच असते किंवा नसते, असा एक सोयीस्कर समज रूढ आहे. वस्तुतः पोहणे किंवा हिशेब ठेवणे याप्रमाणेच ती सरावाने येणारी गोष्ट आहे आणि हा सराव देण्याची सर्वांत योग्य जागा महाविद्यालय ही होय. तेथून बाहेर पडणारा पदवीधरच पुढे शिक्षक होतो, कार्यालयात टिपणी लिहितो, ग्रामपंचायतीत निवडून येतो आणि आलेल्या अर्जावर, अहवालावर किंवा अफवेवर विश्वास ठेवावयाचा की नाही, याचा निर्णय घेतो.

चिकित्सक विचार म्हणजे नेमके काय, हे व्याख्येपेक्षा उदाहरणाने लवकर स्पष्ट होते. उदाहरण गावोगावी परिचित असलेल्या पाणाड्याचे घेऊ.

नारळ, बेचके आणि चार घरांचा तक्ता

गावात विंधन विहीर घ्यावयाची आहे. ग्रामसभेत चार वडीलधारी मंडळी पाणाड्याचे नाव सुचवितात. तो तळहातावर आडवा नारळ ठेवून किंवा हातात झाडाच्या फांदीचे बेचके धरून शिवारातून फिरतो. नारळ उभा राहिला अथवा बेचके खाली वळले, की तेथे पाणी आहे असे सांगतो. त्याने दाखविलेल्या जागी पाणी लागल्याच्या दहा हकिकती लोक सांगतात आणि त्या बहुधा खऱ्याही असतात. सभेला बसलेल्या पदवीधर तरुणापुढे आता दोन सोपे मार्ग असतात. ‘एवढे लोक सांगतात त्या अर्थी खरेच असणार,’ असे म्हणून गप्प बसावयाचे किंवा ‘ही सारी अंधश्रद्धा आहे,’ असे म्हणून वाद ओढवून घ्यावयाचा. या दोन्ही मार्गांत विचाराचा भाग थोडाच आहे. पहिल्यात माहिती तपासली जात नाही आणि दुसऱ्यातही ती तपासली जात नाही.

तपासणी करावयाची तर दहा यशस्वी हकिकती हा माहितीचा केवळ एक चतुर्थांश भाग आहे, हे प्रथम ध्यानात यावे लागते. कागदावर चार घरांचा एक तक्ता काढावा. पाणाड्याने दाखविलेल्या जागी पाणी लागले, हे पहिले घर. त्याने दाखविलेल्या जागी विहीर कोरडी गेली, हे दुसरे. त्याला न विचारता घेतलेल्या विहिरीस पाणी लागले, हे तिसरे. न विचारता घेतलेली विहीर कोरडी गेली, हे चौथे. लोकांच्या आठवणीत पहिले घर भरलेले असते. दुसऱ्या घरातील गोष्टी खर्च वाया गेलेला शेतकरी फारशा बोलत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या घरांचा तर कोणी विचारच केलेला नसतो. समजा, पंचक्रोशीत चौकशी केली असता पाणाड्याने दाखविलेल्या २० जागांपैकी १४ ठिकाणी पाणी लागल्याचे आणि त्याला न विचारता खोदलेल्या ३० जागांपैकी २१ ठिकाणी पाणी लागल्याचे आढळले. दोन्हींचे प्रमाण शेकडा ७० भरते. याचा अर्थ, चौदा हकिकती खऱ्या असूनही पाणाड्याच्या सल्ल्याने काहीही साधलेले नाही.

असे का व्हावे, याचे उत्तर भूशास्त्रात आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून तो बनला. या कठीण खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात आणि खडकातील भेगा व सांधे यांत. ओढ्याकाठी किंवा सखल भागात अशी जागा अनेक ठिकाणी सापडते. माथ्यावरील पातळ मातीच्या जमिनीत ती क्वचित सापडते. अनुभवी पाणाडी पुष्कळदा सखल भागच निवडतो. जमिनीचा उतार, झाडझाडोरा आणि जुन्या विहिरी पाहून त्याची नजर तयार झालेली असते. तेव्हा श्रेय द्यावयाचे तर ते त्याच्या नजरेला द्यावे लागेल, नारळाला नव्हे. हा फरक करता येणे हीच चिकित्सा होय.

नारळाचा किंवा बेचक्याचा वाटा वेगळा काढून मोजण्याचा प्रयत्न जर्मनीत १९८७-८८ साली झाला. म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात तळमजल्यावर पाण्याचा नळ ठेवण्यात आला. त्याची जागा दर वेळी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बदलली जाई आणि वरच्या मजल्यावरील पाणाड्याने ती ओळखावयाची असे. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ पाणाड्यांच्या ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी काही मोजक्या पाणाड्यांच्या अंगी खरोखर कौशल्य असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे तीच आकडेवारी जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने पुन्हा तपासली आणि ती निव्वळ योगायोगापेक्षा वेगळी नसल्याचे दाखविले. एकाच आकडेवारीतून दोन निष्कर्ष निघाले, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. आकडे समोर असले म्हणजे विचार करण्याची गरज संपते, असे त्यांना वाटू नये.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे शास्त्रीय सर्वेक्षणही शंभर टक्के अचूक ठरत नाही. शास्त्रीय सल्ल्यानंतरही विहीर कधी कधी कोरडी जाते. तरीही त्या सल्ल्याला अधिक वजन द्यावयाचे, कारण तो कोणत्या निरीक्षणांवर दिला हे कागदावर असते आणि तो चुकल्यास चूक कोठे झाली हे दुसऱ्या जाणकाराला पाहता येते. नारळ चुकला तर का चुकला, हे सांगण्याची सोय नसते.

टीका, चिकित्सा आणि वितंडा

चिकित्सक विचार म्हणजे दोष काढणे, असा गैरसमज शिक्षकवर्गातही आढळतो. मराठीतील ‘चिकित्सा’ हा शब्दच त्याचे निराकरण करतो. वैद्याच्या व्यवहारात चिकित्सा म्हणजे रोग ओळखून त्यावर केलेला उपाय. नाडी पाहून, लक्षणे विचारून मग निदान करणारा वैद्य रोग्याचा विरोधक नसतो. आपल्या न्यायशास्त्राने तर चर्चेचे तीन प्रकार फार पूर्वी वेगळे करून ठेवले आहेत. सत्य शोधण्यासाठी होते ती चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी होते तो जल्प. स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करीत राहणे म्हणजे वितंडा. महाविद्यालयीन वक्तृत्व व वादविवाद स्पर्धांत पुष्कळदा जल्पाला पारितोषिक मिळते, हे खेदाने म्हणावे लागते. विषयाच्या अनुकूल बोलणारा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी तितक्याच आवेशाने प्रतिकूल बोलतो. त्याने भाषण सुधारते, परंतु मत बनविण्याची रीत त्याला समजतेच असे नाही.

त्याच परंपरेतील पूर्वपक्ष मांडण्याचा संकेत मात्र आजच्या वर्गातही जसाच्या तसा उपयोगी पडेल. आपल्याला खोडून काढावयाचे मत प्रथम विरोधकालाही मान्य होईल इतक्या नेटकेपणे मांडावयाचे, आणि मगच उत्तर द्यावयाचे, असा तो संकेत आहे. ज्याला विरोधी मत नीट मांडता येत नाही, त्याला ते समजलेले नसते. जे समजले नाही त्याचे खंडन करण्यात अर्थ नसतो.

आधुनिक शिक्षणशास्त्रात हा विषय रुजविण्याचे बरेचसे श्रेय अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्याकडे जाते. त्यांचा ‘हाऊ वी थिंक’ हा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध झाला. अडचण जाणवल्याशिवाय खरा विचार सुरू होत नाही, आणि चौकशी पुरी होईपर्यंत निर्णय रोखून धरणे हा विचारातील सर्वांत कठीण भाग होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. ड्यूई यांचा महाराष्ट्राशी असलेला धागा सर्वज्ञात असला तरी या संदर्भात क्वचितच सांगितला जातो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा ड्यूई तेथे प्राध्यापक होते. १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी आपले गुरू म्हणून त्यांचे ऋण मान्य केले आहे. तो ग्रंथ या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. जातिव्यवस्थेच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद तेथे एकेक करून मांडले जातात आणि मग पुरावा व तर्क यांच्या आधारे तपासले जातात. डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे, हेही येथे आठवते.

याच्याही शंभर वर्षे आधी, १८४८ साली, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील प्राध्यापक व विद्यार्थी यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा स्थापन केली होती. सभासदाने निबंध वाचावयाचा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावयाची, अशी तिची रीत होती. तिच्या मराठी शाखेचे नेतृत्व दादोबा पांडुरंग यांनी केले. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक याच चळवळीतून निघाले. निबंध वाचून आणि चर्चा करून ही मंडळी थांबली नाहीत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि तेथे शिकविण्याचे कामही विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले. मुलींनी शिकू नये या मताची चर्चा करता करता ते मत टिकत नाही, हे त्यांना दिसून आले असावे.

जर्नलमधील जुळविलेले आकडे

आजच्या महाविद्यालयात या सवयीला मारक ठरणाऱ्या गोष्टी कोणत्या, याचा शोध घेऊ लागल्यास अपेक्षित प्रश्नसंच, विकतच्या नोट्स आणि पाठांतर ही नावे सर्वप्रथम पुढे येतात. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. अधिक घातक असलेली एक गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. ती प्रयोगशाळेत घडते.

पदार्थविज्ञानाच्या प्रथम वर्षात साध्या लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग असतो. पाठ्यपुस्तकात उत्तर ९८० असे दिलेले असते. विद्यार्थी दोऱ्याची लांबी मोजतो, वीस आंदोलनांना लागणारा वेळ घेतो, गणित करतो आणि उत्तर ९५० किंवा १०१० असे येते. मग तो उलट गणित करून वेळेचे आकडे बदलतो आणि जर्नलमध्ये ९८० लिहितो. शेजारच्या टेबलावरही तेच चाललेले असते. वर्गातील साऱ्या जर्नलांत उत्तर ९८० असते आणि ती सारी तपासून त्यांवर सही होते. गंमत अशी, की महाराष्ट्रात या राशीचे खरे मूल्य ९७८.५ च्या जवळपास आहे. पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याने आणि ती स्वतःभोवती फिरत असल्याने विषुववृत्ताकडे हे मूल्य थोडे कमी होते. साध्या लंबकाने एवढा सूक्ष्म फरक कळणार नाही, हे खरे. परंतु ९५० हे उत्तर का आले, हा प्रश्न त्या दिवशीच्या साऱ्या प्रयोगातील सर्वांत मोलाचा प्रश्न होता. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली की केवळ वरच्या टोकापर्यंत? आंदोलने मोजताना पहिल्याला ‘एक’ म्हटले की ‘शून्य’? लंबक फार मोठ्या कोनातून सोडला का? आकडे जुळवून विद्यार्थी हा प्रश्न पुसून टाकतो. त्याबरोबर तो एक धडाही शिकतो, की उत्तर आधी ठरलेले असते आणि पुरावा नंतर जमवावयाचा असतो. पुढे हाच विद्यार्थी कर्मचारी झाला आणि पाहणी न करता अहवालाचे रकाने भरू लागला, तर दोष केवळ त्याचाच म्हणता येणार नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. जर्नलला गुण देताना उत्तरापेक्षा चुकीच्या मीमांसेला अधिक गुण ठेवले आणि ‘९८० का आले नाही?’ यासाठी अर्धे पान राखले, तरी पुष्कळ साधेल. विभागप्रमुखाच्या अखत्यारीत येणारी ही बाब आहे. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

वर्गात करता येणारे दोन पाठ

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराचा उल्लेख अनेकदा येतो. हा विचार शिकविण्याची रीत कोणती, याचे संशोधनही झाले आहे. फिलिप अब्रामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अशा ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. विषय शिकविताना विचार आपोआप सुधारेल, या भरवशावर राहिल्यास फारसा लाभ होत नाही. आपापल्या विषयातच, परंतु चिकित्सेचे नियम नाव घेऊन, उघडपणे शिकविले असता परिणाम अधिक चांगला दिसतो, असे त्यात आढळले. यास्तव इतिहासाच्या प्राध्यापकाने साधनांच्या विश्वसनीयतेवर, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने सरासरीच्या फसवेपणावर आणि मराठीच्या प्राध्यापकाने शब्दांच्या सूचकतेवर आपल्याच तासाला बोलणे, हे स्वतंत्र व्याख्यानमालेपेक्षा श्रेयस्कर होय.

शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गातही चालेल असा एक खेळ ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६० साली वापरला होता. शिक्षकाने फळ्यावर २, ४, ६ असे तीन आकडे लिहावेत. हे आकडे आपल्या मनातील एका नियमाप्रमाणे आहेत, तो नियम ओळखा, असे सांगावे. विद्यार्थ्यांनी स्वतःचे तीन-तीन आकडे सुचवावेत आणि शिक्षकाने केवळ ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ एवढेच सांगावे. बहुतेक विद्यार्थी ८, १०, १२ सुचवितात. उत्तर मिळते, ‘बसतात.’ मग २०, २२, २४. तेही बसतात. ‘दोन-दोनने वाढणाऱ्या संख्या’ असा नियम मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो आणि तो चुकीचा ठरतो. खरा नियम एवढाच असतो, की आकडे चढत्या क्रमाने असावेत. १, २, ५० हे आकडेही चालले असते, परंतु ते कोणी विचारून पाहिलेले नसते. वॅसन यांच्या २९ विद्यार्थ्यांपैकी केवळ ६ जणांनी पहिल्याच प्रयत्नात नियम बरोबर सांगितला. आपले मत खरे असेल तर काय दिसेल, एवढेच माणूस पाहतो. ते खोटे असेल तर काय दिसले पाहिजे, हे त्याला सहसा सुचत नाही. दहा मिनिटांच्या या खेळानंतर पाणाड्याच्या तक्त्यातील उरलेली तीन घरे विद्यार्थ्यांना वेगळी समजावून द्यावी लागत नाहीत.

दुसरा पाठ पुण्याचा आहे आणि तो पदवीच्या कोणत्याही शाखेत शिकविता येईल. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ कै. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, श्री. प्रकाश घाटपांडे आणि कै. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. तिचा वृत्तांत २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलांच्या कुंडल्या तयार करण्यात आल्या. कोणती कुंडली कोणाची, हे गुप्त ठेवून ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या देण्यात आल्या आणि मूल कोणत्या गटातील आहे, ते सांगण्यास विनंती करण्यात आली. २७ ज्योतिष्यांची उत्तरे आली. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी ४० पैकी सुमारे २० बरोबर यावीत. सर्वाधिक गुण मिळविणाऱ्याची २४ उत्तरे बरोबर आली. एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० कुंडल्या पाहिल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर ठरली.

येथे शिक्षकाने वर्गाला थांबवून विचारावे, की २४ गुण मिळविणारा तो एक ज्योतिषी तरी जाणकार म्हणावा काय? पुष्कळ हात ‘होय’ म्हणून वर येतील. मग गणित करून पाहावे. ४० वेळा नाणे उडविले असता २४ किंवा अधिक छाप पडण्याची शक्यता शंभरात सुमारे १३ इतकी आहे. अर्थात २७ माणसांनी नुसती नाणी उडविली असती, तरी त्यांतील तीन-चार जणांना २४ किंवा अधिक गुण मिळालेच असते. प्रत्यक्षात ते एकालाच मिळाले. ज्याला हे गणित उमगले, त्याला ‘अमुक क्लासचा विद्यार्थी राज्यात पहिला’ किंवा ‘अमुक औषधाने शेजाऱ्याचा मुतखडा पडला’ ही जाहिरातही वेगळ्या नजरेने वाचता येते. चाचणीची रचना आधी जाहीर करून, ज्योतिष्यांना सहभागासाठी मोकळे आवाहन करून आणि निकाल आकड्यांत मांडून हे काम झाले. त्यात कोणाचाही उपहास नव्हता. विद्यार्थ्यांनी घ्यावयाचा गुण बहुधा हाच.

एका प्रश्नाची किंमत

चिकित्सेचा अभाव म्हणजे काही पैशांचे किंवा गुणांचे नुकसान, एवढ्यावर हा विषय संपत नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील होते आणि सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेकरी म्हणून आलेले होते. मोबाइलवरून फिरणारे संदेश आणि चित्रफिती यांनी त्या दिवसांत अनेक राज्यांत अशी भीती पसरविली होती. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारहाण झाली.

कोणत्या गावचे मूल हरवले? त्याचे नाव काय? कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार आहे? हा संदेश प्रथम कोणी पाठविला आणि त्याने तो प्रसंग स्वतः पाहिला होता काय? हे चार प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. परंतु ते संतप्त गर्दीत प्रथमच सुचतील, अशी अपेक्षाही व्यर्थ आहे. शांत वेळी, वर्गात, क्षुल्लक वाटणाऱ्या संदेशांवर ते शेकडो वेळा विचारून झालेले असतील, तरच त्या क्षणी एखाद्याच्या तोंडी येतील. म्हणून आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांनी आपल्या मोबाइलवर आलेला एक संदेश वर्गात आणून त्याचे मूळ शोधावे, हा उपक्रम वरवर पोरखेळ वाटला तरी तो गांभीर्याने घेण्यासारखा आहे.

याच्या उलट टोकाचा धोकाही आहे आणि तो अलीकडे वाढला आहे. ‘सगळेच खोटे बोलतात, कोणावरच विश्वास ठेवू नये,’ असे म्हणणारा विद्यार्थी स्वतःला चिकित्सक समजतो. प्रत्यक्षात तो सर्वांत लवकर फसतो, कारण डॉक्टर आणि भोंदू, मूळ दस्तऐवज आणि ऐकीव गोष्ट यांत फरक करण्याचे साधनच त्याने टाकून दिलेले असते. प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळणे कोणालाच शक्य नाही. कोणाच्या शब्दाला किती वजन द्यावयाचे, हे ठरविता येणे हा चिकित्सेचाच भाग आहे. सांगणाऱ्याचा त्या विषयाचा अभ्यास, त्याचा त्यात असणारा स्वार्थ, आणि चूक दाखविल्यास ती मान्य करण्याची त्याची पूर्वीची रीत, एवढे पाहिले तरी निवड पुष्कळ सोपी होते.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी उद्धट होईल, अशी चिंता पालकांना वाटते. काही शिक्षकांनाही वाटते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. नुकतेच तर्कशास्त्र शिकलेला तरुण घरी आजोबांना हेत्वाभास समजावू लागला, तर घरात खटके उडणारच. ‘तुमचे चुकते’ याऐवजी ‘हे आपल्याला कसे कळले?’ असे विचारावयास शिकविले, म्हणजे निम्मा प्रश्न सुटतो. आजोबांनी सांगितलेल्या पावसाच्या अडाख्यात काही निरीक्षण दडलेले असेल, तर तेही याच प्रश्नाने बाहेर येते.

शिबिरातील एक वही

१९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत विद्यार्थी सात दिवस खेड्यात राहतात. रस्ता, बंधारा, वृक्षलागवड ही कामे होतात आणि ती व्हावीतच. त्याच शिबिरात एका गटाकडे गावातील विहिरी व विंधन विहिरींची नोंद करण्याचे काम देता येईल. एक वही, एक मोजपट्टी आणि घरोघर जाण्याची तयारी एवढेच साहित्य पुरते. विहीर कोणत्या वर्षी घेतली, जागा कोणी ठरविली, किती फुटांवर पाणी लागले, उन्हाळ्यात किती टिकते, ओढ्यापासून अंतर किती, हे रकाने असावेत. कोरड्या गेलेल्या विहिरींसाठी वेगळी पाने राखावीत आणि त्यांची चौकशी सर्वांत चिकाटीने करावी, कारण बुजविलेल्या खड्ड्याविषयी मालक आपणहोऊन सांगत नाही. बहुधा शेजारी सांगतो. दोन-तीन वर्षे लागोपाठ त्याच गावात शिबिर झाल्यास, तक्त्याची चारही घरे भरण्याइतकी माहिती हाती येते.

अशी वही तयार झाल्यावर तिची एक प्रत ग्रामपंचायतीकडे आणि एक भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडे द्यावी. पुढच्या ग्रामसभेत विंधन विहिरीचा विषय निघेल, तेव्हा पाणाड्याचे नाव घेणाऱ्यांनाही आणि त्याला नाकारणाऱ्यांनाही पाहण्यासाठी ती टेबलावर असावी.